फोटोच्या कडेला उभी असलेली माणसे

निकाहच्या किंवा वलीम्याच्या ग्रुप फोटोत मधोमध कोण बसते हे सांगायला नको. दूल्हा-दुल्हन, त्यांच्या दोन्ही बाजूंना वडीलधारे, मग मामू-मुमानी, चाचा-चाची. पण अगदी टोकाला कोण असते? बाळ घेतलेली सून, पाहुण्यांना वाढता वाढता हाक मारून बोलावलेला भाचा, ‘मला कशाला’ म्हणत शेवटी येऊन उभी राहिलेली बेवा खाला. शाळेतही तेच. मुख्याध्यापक मध्ये आणि शिपाईदादा टोकाला. आम्ही गेली वीस वर्षे जळगावात उर्दू आणि मराठी शिकवतो. दरवर्षीचा एक फोटो याप्रमाणे वीस फोटो आमच्याकडे आहेत आणि एकाही फोटोत शिपाई मध्ये नाही.

वाइड अँगल लेन्सची, म्हणजे जवळून जास्त रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्सची, परीक्षा याच टोकांना होते. मधल्या माणसाचा चेहरा साधारण लेन्सही नीट काढते. चांगली आणि बेताची यांतला फरक कोपऱ्यात दिसतो. तिथे चेहरा मऊ पडतो, अंधारतो आणि रुंद होतो. हे सगळे आम्हाला पुस्तकातून कळले असे नाही. धुळ्याच्या एका लोखंडी पेटीने ते शिकवले.

आमचे मोठे मामू दोन वर्षांपूर्वी अल्लाहला प्यारे झाले. धुळ्यात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो, शाळांचे ग्रुप, लग्ने. गिऱ्हाइकाशी अहिराणी बोलायचे, घरात उर्दू, आणि बिलावर मराठी लिहायचे. मोबाइल आल्यावर स्टुडिओ आधी अर्धा झाला, मग बंद झाला. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गेलो तेव्हा मुमानींनी पेटी पुढे ठेवली आणि म्हणाल्या, “तुम लोग देख लो, क्या रखना, क्या बेचना.” डिसेंबरात मामूंच्या नातीचा निकाह होता. खर्चाला चार पैसे आले तर हवेच होते.

पेटीत चार वाइड अँगल लेन्स निघाल्या. पहिली रशियन, मीर-१, ३७ मिमीची, एफ २.८. नाव वाचून उर्दू शिकवणाऱ्याला मीर तकी मीरच आठवणार. रशियन भाषेत मात्र मीर म्हणजे शांतता, आणि जगसुद्धा. १९५८ च्या ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात या लेन्सला ग्रां प्री पुरस्कार मिळाला होता. दुसरी जपानची, आसाही पेंटॅक्सची सुपर-टाकुमार, ३५ मिमी, एफ ३.५, मुठीत मावेल एवढी. तिसरी निकॉनची निक्कोर, २८ मिमी, एफ २.८, १९८१ नंतरच्या एआय-एस मालिकेतली. ही मामूंनी स्टुडिओ चांगला चालत असताना घेतलेली. चौथीही २८ मिमीचीच, सर्वांत जुनी. तिचे नाव आम्ही लिहीत नाही. काचेत बुरशीचे जाळे इतके पसरले होते की दोष बनवणाऱ्याचा की इतक्या पावसाळ्यांचा हे आता ठरवता यायचे नाही.

मिमीचा आकडा जितका लहान तितके दृश्य रुंद. ३५ मिमीच्या फिल्मवर ५० मिमीची लेन्स कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुमारे ४७ अंश पाहते, ३५ मिमीची ६३ अंश आणि २८ मिमीची ७५ अंश. आपल्या जुन्या घरांच्या अंगणात या अंशांना फार किंमत असते. मामूंच्या घराचे अंगण भिंतीपासून भिंतीपर्यंत वीस फूट. दोन रांगा माणसांनी चार फूट खाल्ले की फोटोग्राफरला उरतात सोळा. सोळा फूट रुंदीचा ग्रुप ५० मिमीने घ्यायचा तर बावीस फूट मागे जावे लागेल, म्हणजे शेजाऱ्यांच्या घरात. ३५ मिमीने साडेपंधरा फूट पुरतात. २८ ने साडेबारा.

मग सगळ्यांनी २८ च का वापरू नये, किंवा त्याहून रुंद? याचे उत्तर समजायला आम्ही वर्गातल्या एका जुन्या प्रयोगाकडे वळतो. आठवीच्या मुलांना आम्ही दरवर्षी एक गंमत दाखवतो. खोलीच्या खिडक्या काळ्या कागदाने बंद करायच्या, एकाच कागदाला पेन्सिलीएवढे भोक पाडायचे. समोरच्या भिंतीवर मैदान उलटे उमटते, मुले डोक्यावर चालताना दिसतात. एक हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैसम यांनी काहिऱ्यात अंधाऱ्या खोलीत, भोकातून येणाऱ्या दिव्यांच्या उजेडावर प्रयोग केले आणि ‘किताबुल मनाझिर’मध्ये ते लिहून ठेवले. त्यांच्याही आधी, ९८४ च्या सुमारास, बगदादचे इब्न सहल यांनी काचेतून जाताना किरण किती वाकतो याचा नियम भिंगांच्या आकारासाठी वापरला होता. मुलांना हे सांगताना आमचा आवाज जरा चढतो, हे आमच्या मुलीने लक्षात आणून दिले आहे.

तर त्या भिंतीवरच्या चित्राकडे नीट पाहा. भोकात काचच नाही, म्हणजे काचेचा दोषही नाही. तरीही भिंतीच्या टोकांना चित्र अंधूक आहे आणि गोल चेंडू लंबगोल दिसतो. किरण तिरपे येऊन सपाट भिंतीवर पडतात, म्हणून पसरतात. हे भूमितीचे काम आहे. सपाट फिल्मवर २८ मिमीने फोटो काढला तर डाव्या-उजव्या कडेचे डोके असते त्यापेक्षा सुमारे १९ टक्के रुंद येते. ३५ मिमीला १२ टक्के, ५० मिमीला ६. मोबाइलमधल्या अतिरुंद कॅमेऱ्याला, ज्याला मुले ‘पॉइंट फाइव्ह’ म्हणतात, हा आकडा दीडपटीच्याही वर जातो. फोनमधले गणित तो थोडाफार लपवते. टोकाच्या खालाजान फोटोत जाड दिसल्या म्हणून रुसल्या, तर रुसणे बरोबर आहे.

उजेडाचेही तसेच. साध्या रचनेच्या २८ मिमी लेन्समध्ये कोपऱ्याला मधल्या उजेडाच्या ४० टक्क्यांच्या आसपासच पोहोचतो. १९०० साली जर्मनीतल्या गोएर्झ कंपनीने हायपरगॉन नावाची लेन्स काढली. ती सुमारे १३५ अंश पाहायची. कडा इतक्या अंधारायच्या की लेन्सपुढे चांदणीच्या आकाराचा एक छोटा पंखा बसवलेला असे. रबरी फुग्याने हवा मारून तो फिरवायचा, म्हणजे मधला उजेड अडायचा आणि कडांना बरोबरी करायला वेळ मिळायचा. मध्याला थोपवून कडेला वाट देणारे असे यंत्र आम्हाला फार आवडले.

पुढे आरसा असलेले कॅमेरे आले आणि नवी अडचण झाली. २८ मिमीची साधी लेन्स फिल्मच्या अगदी जवळ बसायला हवी, पण मध्ये आरसा हलतो. निकॉनच्या कॅमेऱ्यात लेन्स बसते ती जागा फिल्मपासून ४६.५ मिमी दूर आहे. १९५० साली फ्रान्सच्या पियेर आंजेन्यू यांनी यावर तोड काढली. पुढे पसरवणारी काच आणि मागे गोळा करणारी, जवळजवळ उलटी धरलेली दुर्बीण. मामूंच्या चारही लेन्स याच जातीच्या. या रचनेने कोपऱ्यांचा अंधार थोडा कमी होतो, पण काचा वाढतात, आणि सुरुवातीच्या काळात त्याची किंमत चित्राच्या कडांनीच मोजली.

आता आमची परीक्षा. ती कोणालाही घरी करता येईल. गच्चीवरच्या भिंतीवर आम्ही वर्तमानपत्रांची पाने सपाट चिकटवली. मध्ये आणि चारही कोपऱ्यांत एक उर्दू, एक मराठी. कॅमेरा ट्रायपॉडवर, भिंतीला अगदी समांतर, बटणाऐवजी टायमर. प्रत्येक लेन्सने चार फोटो: पूर्ण उघडी, मग एफ ५.६, ८ आणि ११. कॅमेरा भाच्याचा, आरसा नसलेला आणि फुल फ्रेम. याला महत्त्व आहे. साध्या डिजिटल कॅमेऱ्यांचा सेन्सर लहान असतो. तो जुन्या लेन्सच्या कडा कापून टाकतो, २८ ची लेन्स ४२ सारखी वागते आणि मग सगळ्याच लेन्स गुणी वाटतात. ज्याला नापास व्हायचे तो कोपराच परीक्षेला बसत नाही.

उर्दूचे पान यासाठी फार उपयोगी. उर्दूत ‘दुआ’ आणि ‘दग़ा’ यांच्यात एका नुक्त्याचा फरक आहे. बेला खाली एक नुक्ता, पेला खाली तीन. कोपऱ्यात पेचे तीन नुक्ते वेगळे मोजता आले तर लेन्स पास. तिन्हींचा एक ठिपका झाला तर नापास. मराठीत अनुस्वार आणि रफार तेच काम करतात, पण नुक्त्याची सर नाही. काळ्या-पांढऱ्या रेघांच्या परदेशी तक्त्यांपेक्षा हे आम्हाला सोपे पडले, कारण मुलांच्या वह्या तपासताना आम्ही वीस वर्षे हेच तर करत आलो.

निकाल असा लागला, आणि तो आमच्या पेटीतल्या नगांपुरताच समजावा, कारण जुन्या लेन्सचे दोन नग एकसारखे राहत नाहीत. मीर पूर्ण उघडी असताना मध्ये स्वच्छ, कोपऱ्यांत नुक्ते विरघळलेले. एफ ८ ला बऱ्याच सावरल्या कडा. अगदी टोकाचा बोटभर भाग तेवढा मऊ राहिला. टाकुमार पहिल्यापासून समजूतदार. फार धारदार कुठेच नाही, पण एफ ८ ला मध्य आणि कोपरा यांत भांडण नाही, तिन्ही नुक्ते चारही कोपऱ्यांत मोजता आले. निक्कोर सर्वांत तेज, एफ ५.६ लाच कोपरे वाचता आले. चौथीचा डावा कोपरा एफ ११ लाही धूसरच, उजवा मात्र बरा. एकच कोपरा असा रुसला की समजावे, लेन्स कधीतरी पडली आहे आणि आतली काच सरकली आहे. उन्हाकडे तोंड केल्यावर मीर आणि टाकुमार दोघींचे चित्र फिके पडले, कारण त्यांच्या काचांवर जुने एकपदरी लेपन आहे. खानदेशाच्या उन्हात पांढऱ्या कुर्त्यांना ते फिकेपण आम्हाला वाईट वाटले नाही. सावलीतल्या चेहऱ्यांना थोडा उजेड मिळतो.

कागद वाचणे वेगळे, इमारत वाचणे वेगळे. म्हणून एका रविवारी शिरपूरमार्गे तापीकाठच्या थाळनेरला गेलो. फिरोजशाह तुघलकाने १३७० मध्ये मलिक राजाला हा मुलूख दिला, १३८२ पासून तो स्वतंत्र झाला आणि खानदेशची फारुकी सल्तनत इथून सुरू झाली. पुढे राजधानी बुऱ्हाणपूरला गेली. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि ती संपली. थाळनेरात फारुकी सुलतानांचे दगडी मकबरे आहेत, त्यांतला एक अष्टकोनी आणि नक्षीदार. जळगाव-धुळ्याच्या किती घरांनी ते पाहिले असतील, कोण जाणे. आमच्या मुलांनी पहिल्यांदाच पाहिले.

आत उभे राहून भिंती आणि वरचा घुमट एका फोटोत घ्यायला ३५ पुरेना. तिथे निक्कोरचे राज्य. दगडाला चेहरा नसतो. कडेचा दगड १९ टक्के रुंद झाला तर कोणी रुसत नाही. बाहेर सरळ कड्या फ्रेमच्या काठाशी आणून पाहिल्या, तर तिन्ही लेन्सने त्या थोड्या बाहेर फुगवल्या. इमारतीला हा दोष. माणसांना मात्र तो थोडा फायद्याचा ठरतो, कारण फुगवटा कडेला आत दाबतो आणि तिथल्या चेहऱ्याचा ताण तेवढा उतरतो.

आपल्या भागात हा झगडा जुना आहे. मेजर रॉबर्ट गिल १८४० च्या दशकात अजिंठ्याची चित्रे उतरवायला आले. लंडनला पाठवलेल्या त्यांच्या नकलांपैकी बहुतेक १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. तोवर ते कॅमेऱ्याकडे वळले होते. अंधाऱ्या, अरुंद लेण्यांचे त्यांचे फोटो १८६४ मध्ये फर्ग्युसन यांच्या पुस्तकात छापले गेले. १८७९ मध्ये गेले, कबर भुसावळला आहे. आज पर्यटक जळगाव स्टेशनला उतरून मोबाइल वर करतात.

पण आम्ही हा सारा खटाटोप थाळनेरसाठी केला नव्हता. पेटीत लेन्सखाली निगेटिव्हची पाकिटे होती. मामू प्रत्येक पाकिटावर उर्दूत लिहायचे: तारीख, घर, लेन्स आणि वेळ, तीही नमाजच्या हिशेबाने. एकावर १९७८ साल होते, पुढे ‘२८, असर के बाद’. आमच्या मरहूम अम्मी-अब्बांच्या निकाहचा दिवस.

त्या दिवसाचा ग्रुप फोटो आम्ही लहानपणापासून पाहत आलो. उजव्या टोकाला, दालानाच्या खांबाला लागून, नानी उभ्या आहेत. आमच्या जन्माआधीच त्या गेल्या. तस्वीर काढून घेणे त्यांना पसंत नव्हते. त्या काळी पुष्कळ घरांत तसेच होते, आणि याबद्दल उलेमांची मते वेगवेगळी आहेत, त्यात आम्ही पडत नाही. हजला जाणे झाले नाही म्हणून पासपोर्टचा फोटोही नाही. मुलीच्या निकाहात, मुलाच्या आग्रहाने, ओढणी सावरत त्या फ्रेमच्या शेवटी येऊन उभ्या राहिल्या तेवढ्याच. संध्याकाळचा उजेड कमी, म्हणून लेन्स पूर्ण उघडी. फोटोत नानींचा चेहरा रुंद आणि पुसलेला आहे. आम्ही त्यांना असेच ओळखायचो: एक रुंद, धूसर बाई.

निकाहच्या तयारीत पुतण्याला वाटले, नानींचा मोठा फोटो करून दालानात लावू. त्याने मोबाइलवरच्या एका अ‍ॅपमध्ये चेहरा टाकला. दहा सेकंदांत स्वच्छ, रेखीव चेहरा आला. पापण्यासुद्धा दिसत होत्या. घरभर वाहवा झाली. नानींच्या धाकट्या बहीण, आमच्या खालानानी, ऐंशी ओलांडलेल्या आहेत. नानींना पाहिलेले आता त्या एकट्याच. त्यांच्या हातात फोन दिला. चष्मा वर-खाली करत त्यांनी बराच वेळ पाहिले. मग फोन परत देत विचारले, “अच्छी है. कौन है?”

कोणी काही बोलले नाही. पुतण्याने फोन खिशात ठेवला.

अ‍ॅपने नुक्ते स्वतःच्या मनाने टाकले होते. जिथे कळत नव्हते तिथे त्याने हजारो दुसऱ्या बायकांच्या चेहऱ्यांवरून अंदाज बांधला आणि एक बाई बनवली. खालानानींनी नंतर सांगितले, आपाच्या डाव्या भुवईवर चुलीपाशी पडल्याचा व्रण होता, ती भुवई तिथे तुटलेली दिसायची. अ‍ॅपने दोन्ही भुवया सारख्या केल्या होत्या.

त्या रात्री आम्ही ते निगेटिव्ह उजेडाच्या पाटीवर ठेवून कॅमेऱ्याने टिपले. छापील फोटोपेक्षा त्यात थोडे अधिक होते, कारण छापताना एन्लार्जरच्या लेन्सनेही कडेला आपला मऊपणा घातला होता आणि कागद ४५ वर्षांत पिवळा पडला होता. नुक्ते परत आणण्यासारखे मात्र काही नव्हते. जो तपशील फिल्मवर पोहोचलाच नाही तो कुठून आणणार? पण रुंदीचे तसे नाही. ती भूमिती आहे आणि भूमिती उलटी फिरवता येते. २८ मिमीच्या कडेला चेहरा १९ टक्के रुंद झाला असेल तर त्याची रुंदी सुमारे १६ टक्क्यांनी कमी केली की तो मूळ प्रमाणात येतो. संगणकावर आम्ही तेवढेच केले. धार वाढवली नाही, डाग पुसले नाहीत.

गाल आत आले. हनुवटी लांब झाली. आमच्या अम्मींची हनुवटी. डाव्या भुवईत एक फिकट खंड होता. आजवर आम्ही तो फिल्मवरचा डाग समजत होतो.

सकाळी खालानानींना दाखवले. या वेळी चष्मा वर-खाली झाला नाही. “हाँ,” त्या म्हणाल्या, “धुंदली है, मगर आपा है.” आणि मग बराच वेळ त्या बहिणीबद्दल बोलत राहिल्या, चुलीपाशी पडली तेव्हा रडली कोण, तर मी, असेही सांगितले.

निकाहच्या दिवशी अंगणातल्या ग्रुपचे काम आमच्याकडे आले. आम्ही माणसे चौदा फुटांत बसवली, म्हणजे साडेपंधरा फुटांवरून ३५ ची फ्रेम भरली तरी दोन्ही बाजूंना एकेक फूट मोकळा. त्याने टोकाच्या चेहऱ्याचा ताण १० टक्क्यांच्या आत आला. खुर्च्या किंचित कमानीत ठेवल्या, कारण जुन्या लेन्सचा फोकस पुष्कळदा सपाट नसतो, कडेला कॅमेऱ्याकडे वळतो. जुने फोटोग्राफर शाळेची बाके वाकडी का लावायचे ते तेव्हा उमगले. कमान किती हवी ते लेन्सवर अवलंबून, म्हणून आधी रिकाम्या खुर्च्यांचा एक फोटो घेऊन पाहावा. अ‍ॅपर्चर ८. वेळ असरच्या आधीची. मीर लावायची मनापासून इच्छा होती, पण तिला सोळा फुटांहून थोडे अधिक अंतर हवे, आणि मागे भिंत.

टाकुमारने तीन फोटो घेतले. मग पाय न हलवता निक्कोर लावली. हे मुद्दाम सांगतो. चेहऱ्याचा ताण लेन्सवर कोरलेल्या आकड्याने येत नाही, जवळ उभे राहिल्याने येतो. त्याच जागेवरून २८ लावली तर चेहरे तितकेच येतात. फक्त आजूबाजूचे जास्त दिसते. आमच्या फोटोत डावीकडे मोरीजवळच्या बादल्या आल्या, उजवीकडे वाळत घातलेली ओढणी. ते कापून टाकले की टोकाची माणसे निक्कोरच्या कोपऱ्यापासून दूर, तिच्या चांगल्या भागात राहतात. दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर निक्कोरचा किंचित अधिक स्पष्ट. पण तो फरक आम्हालाच दिसला. मुमानींना दोन्ही सारखेच आवडले. बिघडते ते फोटोग्राफर रुंद लेन्स लावून पुढे सरकतो तेव्हा. मोबाइलवाले तर हमखास सरकतात.

खालानानींना आम्ही मध्ये बसायला सांगितले होते. त्या उजव्या टोकाला खांबाजवळच उभ्या राहिल्या. कारण आम्ही विचारले नाही. त्यांचा चेहरा तिथे स्वच्छ आला आहे, कानातल्या बाळीसकट.

विकण्याचे म्हणाल तर चौथी लेन्स कोणी घेणार नाही. ती शाळेच्या विज्ञानाच्या कपाटात ठेवली, मुलांना बुरशी आणि सरकलेली काच दाखवायला. निक्कोरला गिऱ्हाईक आले होते, मुमानींनी नाही म्हटले. जुनी लेन्स विकत घेणाऱ्याने मोबाइलची टॉर्च मागून लावून पुढून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर बुरशी. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेलकट चमक आहे का तेही पाहावे. जळगावचा मे महिना ४५ अंशांच्या घरात जातो तेव्हा आतले ग्रीस पातळ होऊन पात्यांवर उतरते, म्हणून लोखंडी कपाटात किंवा गाडीत लेन्स ठेवू नये. चामड्याच्या जुन्या डब्या दिसायला देखण्या, पण ओल धरतात. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेल पुरे. दाणे निळे असतील तर त्यांत कोबाल्टचा क्षार असतो. गुलाबी पडले म्हणून ते स्वयंपाकाच्या तव्यावर तापवू नयेत, मुलांच्या हाती देऊ नयेत. नारिंगी दाणे मिळतात, ते घ्यावेत. आमच्या मुलीने डब्यावर उर्दूत ‘मीर’ असे लिहून ठेवले आहे, येच्या दोन्ही नुक्त्यांसकट.